मागच्या खोलीतल्या मासळीची निरवानिरव

मी, रुक्मिणी नारायण मैंदर्गीकर, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार होटगी रस्ता, सोलापूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, कारण माझा एकुलता एक मुलगा चि. सुबोध याने पुण्याहून वकिलांना फोन करून उलटंच कळवलं होतं. मी जन्मात मासा खाल्लेला नाही, हातात धरलेला नाही, आणि मासळी विकण्याचा परवाना माझ्या नावावर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा वेडाशी काहीही संबंध नाही.

कलम एक. राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं, ते वडिलोपार्जित नाही. त्याच्या पुढच्या तीन खोल्या व देवघर सुबोध आणि सौ. वैदेही यांना द्यावे. ह्यांच्या पुस्तकांचं कपाटही त्यांचंच. रद्दीत घालायची असतील तर निदान माझे दिवस होईपर्यंत थांबावं.

कलम दोन. मागची खोली, कडाप्प्याचा ओटा, नळ, बोळात उघडणारं दार आणि बर्फाची मोठी पेटी मुक्ताबाई कोंडीबा नगरे हिला कायमची द्यावी. ती माझी कोण, असं सुबोध विचारतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मुक्ताबाई करमाळ्याकडची. तिचा भाऊ उजनी धरणातून चिलापी मासे धरून पाठवतो आणि ती पाटीत घेऊन विकायची. आमच्या दारावरून जाताना ती आवाज देत नसे. माणसं बघून धंदा करण्याची तिची रीत. मी न्हाणीघरात घसरून पडले त्या दिवशी मात्र आवाज मी दिला, आणि तो तिनेच ऐकला. कोयत्याने कडी तोडून तिने मला बाहेर काढलं. दवाखान्यात माझ्या अंगाला मासळीचा वास येत होता आणि मी जिवंत होते. तेव्हापासून मला त्या वासाचं काही वाटत नाही.

पुढे परवाना नाही म्हणून महापालिकेच्या माणसांनी तिची पाटी गाडीत टाकून नेली. मी काठी टेकत तिच्याबरोबर कचेरीत गेले. तिथे तिच्या कागदावरचा पत्ता निघाला धरणाखाली गेलेल्या गावचा. कारकून म्हणाला, जागेचा फोटो आणा. मुक्ताबाई म्हणाली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, त्येचा काढून आणू का? कारकुनाने खरोखर साहेबांना विचारून येतो म्हणून सांगितलं. साहेब नको म्हणाले. भाड्याने जागा घ्यावी, तर मासळी म्हटलं की जो तो दार लावून घेई. शेवटी जागा माझी, पत्ता माझा, म्हणून अर्जही माझ्याच नावाने गेला.

तपासनीस श्रीयुत शिवलिंगप्पा सज्जन माणूस, पण कडक. सोमवारी त्यांचा उपवास, गुरुवार पाळायचा, शनिवारी मारुती, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. या दिवशी ते मासळीच्या जागेत पाऊल टाकत नसत. रविवारी कचेरी बंद. उरलेल्या दिवशी साहेबांच्या बैठका. असं करता करता ते आले ते ऐन श्रावणात. श्रावणात आमच्या बोळात मासळीला कुत्रंही विचारत नाही, म्हणून मुक्ताबाईने ओटा धुऊन कुलूप घातलेलं. कुलूप काढून दिलं. शिवलिंगप्पांनी शेरा लिहिला: जागा अत्यंत स्वच्छ, दुर्गंधी नाही, मासळीही आढळली नाही. त्या शेऱ्यावर परवाना मिळाला.

स्वच्छतेच्या प्रशिक्षणाला परवानाधारक म्हणून मलाच बसवलं. ताजी मासळी कशी ओळखावी, या प्रश्नाला कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग घट्ट, असं पाठ करून लिहिलं आणि पहिली आले. मागच्या खोलीत नियमाप्रमाणे परवान्याशेजारी माझा फोटो लावला आहे. नऊवारीतला, कुंकवाचा. खाली चिलापी.

कलम तीन. शेजारी श्री. गुरुबसप्पा यांनी वासाची तक्रार केली, तीही दुकान महिनाभर बंद असताना. त्यांना माझा टेबलपंखा द्यावा. टाळ भजनी मंडळाला द्यावेत. मंडळाने मला काढलं, पण अध्यक्षा सिद्धेश्वरीबाई जावई आले की बोळातल्या दारी येतात. त्यांना उधार देऊ नये.

कलम चार. बँकेतली शिल्लक नात कु. उर्वी हिच्या शिक्षणासाठी. पैठणी वैदेहीला. ती नेसणार नाही हे माहीत आहे, तरी तिलाच.

कलम पाच. हे मुख्य. कचेरीत चौकशी केली तेव्हा कळलं, परवाना वारसाला मिळत नाही. मी गेले की तोही गेला. घरी येऊन हे सांगितलं तर मुक्ताबाई ओटा पुसायची थांबली. "बाई, तुमी हाय तवर हे हाय की. तुमच्या मागं म्या कुटं बसू?"

त्याचं उत्तर इथे लिहिते. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, प्रश्न कोरा सोडायची सवय नाही.

खोली तिची झाली की पत्ता तिचा होईल आणि तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता येईल. पण गटार आणि नळाची जोडणी पुढच्या भागातून जाते आणि तो सुबोधचा होईल, म्हणून त्याची ना हरकत सही लागेल. जिवंतपणी मी चारदा मागितली. लोक काय म्हणतील, असं तो चारही वेळा म्हणाला. लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकते; बहुतेक वेळा काटे काढून द्या म्हणतात.

माझ्या सुतकात दुकान बंद ठेवू नये. मासळी तेरा दिवस थांबत नाही.

कलम सहा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर कुठली इच्छा राहिली याची चर्चा घाटावर करू नये. ती वर लिहिली आहे. दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेऊ नये, मला तो चालणार नाही. मुक्ताबाईने दया येऊन पिंडावर चिलापीचं डोकं ठेवू नये. त्याला पन्नास कावळे येतील, पण त्यांतली मी एकही नसेन. सुबोधने तिथेच ना हरकतीच्या कागदावर सही करावी आणि मुक्ताबाईच्या हातात द्यावी. मी लगेच येईन. ओल्या अंगाने त्याला फार वेळ उभं राहायला लावू नये, लहानपणापासून त्याला सर्दी फार लवकर होते.

वाचून पाहिलं, खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करते.

रुक्मिणी नारायण मैंदर्गीकर

साक्षीदार:
१. डॉ. अनीश श्रीमंत होटगीकर (सही)
२. जगदेवी शिवू पाटील, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

सोलापूर, दिनांक १९ नोव्हेंबर २०२५