अर्जंट या शब्दाचा बंदोबस्त

सोमवार, ३ मार्च
आजपासून माझ्या कवळ्यांच्या कारखान्यात ‘अर्जंट’ या शब्दाला बंदी. बस्स झालं! सकाळपासून आलेली झाडून सगळी कामं अर्जंट. हे दातांचे डॉक्टर शाळेत गेले होते की नाही? डिक्शनरी काढली. अर्जंट म्हणजे निकडीचं, ज्याला थांबवून चालत नाही असं. आणि कोपऱ्यावरचा डॉक्टर पुढच्या महिन्यात येणाऱ्या पेशंटची कवळी अर्जंट म्हणून पाठवतो! अरे, तुझा विसरभोळेपणा ही माझी निकड का?

आईची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. नवीचं माप घेतलंय, साचा फळीवर ठेवलाय. सोळाला मावशीचा वाढदिवस. आता दोघीच बहिणी उरल्यात, पण आई दातांशिवाय चारचौघांत जाणार नाही म्हणते. म्हटलं, लेक कवळ्या करतो आणि तू कसली काळजी करतेस? तर म्हणाली, सवडीने कर. याला म्हणतात संस्कार. तो शब्द एकदाही काढला नाही.

बुधवार, ५ मार्च
पाटी रंगवली. ‘अर्जंट म्हणण्याआधी अर्थ सांगा.’ अक्षर मनासारखं येईना, पुसून पुसून लिहिली. दिवस गेला, पण पाया भक्कम झाला.
आईची कवळी उद्या.

शुक्रवार, ७ मार्च
कोपऱ्यावरच्या डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आली. मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाली, अर्जंट म्हणजे अर्जंट. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिला बसवून समजावलं की जरा लवकर वेगळं, आजच्या आज वेगळं, आत्ताच्या आत्ता वेगळं. आपल्या भाषेत इतकी सोय असताना एकाच शब्दाला किती राबवाल? ती मध्येच घड्याळ बघत होती. उद्धट! शेवटी कामाचा डबा उचलून निघून गेली. विचार करायला गेली असणार.

सोमवार, १० मार्च
कोपऱ्यावरचं काम आता खालच्या गल्लीतल्या चकाचककडे जातं म्हणे. चकाचक हे नाव मीच ठेवलंय. कवळ्या नुसत्या चमकवतो आणि येईल त्याला हो म्हणतो. लाळघोट्या! जाऊ दे. कचरा गेला, दर्जा उरला.

आई दुधात पाव बुडवून खाते. मावशीचा फोन आला तर बायकोच्या हातात दिला, बोबडं ऐकू जाईल म्हणून. बायको म्हणाली, आईंचं आता खरंच अर्जंट आहे. घरातसुद्धा तेच! मी तिला अर्थ विचारला. उत्तर भांड्यांच्या आदळआपटीतून मिळालं. उद्या आईचं काम हातात घ्यायचं म्हणजे घ्यायचंच.

बुधवार, १२ मार्च
घेतलं नाही. सगळ्या डॉक्टरांना एक कडक मेसेज लिहीत होतो, शब्द न् शब्द तोलून. एकाने उत्तरादाखल अंगठा पाठवला. म्हणजे विचार पोचतोय. दुसऱ्याने विचारलं, अर्जंट आहे का? नसेल तर रविवारी वाचतो. या माणसाला ब्लॉक केलं.

शुक्रवार, १४ मार्च
आज एकही काम आलं नाही. मोहीम यशस्वी!
अख्खा दिवस आईच्या कवळीला मोकळा. पण साचा फळीवर नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, जपून ठेवलाय. कुठे, ते सांगेना. वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं या घरात? रागाच्या भरात पाटीला नवा रंग दिला.

शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी
साचा अजून नाही. आईला म्हटलं, सकाळी लवकर उठून करून टाकतो, तू फक्त घाई करू नकोस. एका सकाळीत कवळी होत नाही हे मला कुणी शिकवायला नको, पण मी मनावर घेतलं तर गोष्ट वेगळी. आई ओठ मिटून हसली. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

रविवार, १६ मार्च
सकाळी उठून बघतो तर आई आरशासमोर, आणि तोंडात दात!
बायकोने गेल्या मंगळवारीच साचा उचलून आईला चकाचककडे नेलं होतं. आईने त्याला सांगितलं, अर्जंट आहे. त्याने अर्थ विचारला नाही. कधी हवी एवढंच विचारलं.

माझी आई! आणि चकाचककडे! मी तिथल्या तिथे कवळी काढायला लावली. खिडकीशी नेऊन उलटीसुलटी बघितली. कडा बघितल्या, पॉलिश बघितलं. चूक सापडेना. परत बघितली. आई तोंडावर हात धरून उभी होती. शेवटी बायकोने ती माझ्या हातातून घेतली, धुतली आणि तिला दिली.

मावशीकडे दोघी बहिणी दुपारभर बोलत बसल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सफरचंद तर तिने दाताने तोडून खाल्लं. मावशीने विचारलं, कुणी केली गं इतकी सुरेख?

आई म्हणाली, माझ्या लेकाने.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी थँक्यू म्हणालो.