माझं पोर्ट्रेट आणि मिटलेला डोळा

९ जानेवारी १९८४, पुलगाव
शेजारच्या मधूची लीना नागपूरहून पेंटिंग शिकून आली. गावातल्या लोकांची पोर्ट्रेट्स काढून प्रदर्शन भरवणार आहे. मलाही बसवलं. उद्घाटनाचं भाषण अर्थात माझंच. विषय : 'आधुनिक व्यक्तिचित्रातील प्रतीके'. पुलगावात दुसरा जाणकार आहे कोण? महिनाअखेर वर्ध्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन. भीती अजिबात नाही.

१४ जानेवारी
तीळगूळ द्यायला लीनाकडे गेलो. चित्र पूर्ण होईस्तोवर बघायचं नाही, अशी तिची अट. ती चहा करायला आत गेली. मी फक्त फडकं उचललं. काळा कोट, माझाच. पण एक डोळा मिटलेला! खांद्यावर काळा पक्षी! फडकं टाकून तडक घरी आलो. तीळगूळ खिशातच राहिला.

१५ जानेवारी
शांत डोक्याने विचार केला. चित्रात मिशा आहेत, मला नाहीत. म्हणजे मिशा हे प्रतीक. डोक्याला फेटा. मी टोपीसुद्धा घालत नाही. म्हणजे फेटा हे संसाराचं ओझं. पक्षी म्हणजे... लिहवत नाही. बायकोला सांगितलं. सुमती म्हणाली, "मिशा नाहीत, फेटा नाही, मग ते तुम्ही कसे?" मॉडर्न आर्ट हिला कोण समजावणार!

१९ जानेवारी
ऑपरेशन कॅन्सल. मला सर्दी झाल्याचं डॉक्टरांना कळवलं. सुमती रडली. म्हणाली, "काल पायरी दिसली नाही, पडलात. आता कशाची वाट पाहून राहिले?" मी घाबरलेलो नाही. अभ्यासासाठी थांबलोय. मारुतीला नारळ बोललो.

२३ जानेवारी
लीनाला रस्त्यात गाठलं. तो डोळा उघडा करता येईल का, विचारलं. फडकं उचलल्याबद्दल आधी रागावली. मग म्हणाली, "काका, जे आहे तेच मी काढते." संपलंच! घरी येऊन सुमतीला विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं. तिने पाहिलेच नाहीत.

२६ जानेवारी, संध्याकाळ
नगरपालिकेचा हॉल भरलेला. मी त्या चित्रासमोर उभा राहून बोललो. मिशा, फेटा, पक्षी, माझा जवळ आलेला मृत्यू. समोर बसलेल्या शोभाबाईंनी डोळे पुसले. तेवढ्यात लीना उठली. "काका, हे अल्लीपूरचे रामाजी. खांद्यावर त्यांची पाळलेली मैना आहे."
पहिल्या रांगेतून फेटेवाला, एका डोळ्याने अधू असा म्हातारा उठला. हात जोडून म्हणाला, "साहेब, मी तं जित्ता हाओ."
लोक हसले. हसू देत. मी मरत नव्हतो! नव्या जोमाने शेजारच्या चित्राकडे वळलो. काळ्या कोटातला माणूस, खुर्चीच्या टोकावर बसलेला, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. अर्थ लख्ख दिसला. म्हटलं, "हा गृहस्थ जन्मभर भ्याला. आणि आपल्या भीतीला विद्वत्ता म्हणत राहिला."
कोणी हसेना. टाळ्याही नाहीत. लीनाने मान खाली घातली. सुमती पुढे आली, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "चला. उद्या वर्ध्याला जाऊ."
चित्र कोणाचं, ते मी कोणालाच विचारलं नाही.