नर्गिसचं भाषण

११ सप्टें.
मुक्तिदिनानिमित्त वादविवाद स्पर्धा घ्या म्हणाले प्राचार्य. विषय मीच दिला: बाहेरच्या फौजेला दुसऱ्या देशात लोकशाही आणता येते का? जाधव सर स्टाफरूममध्ये भडकले. "मॅडम, निजामाच्या तावडीतून सोडवणारी फौज परकी होती का? आपलीच होती." म्हटलं, आपलं नाव कुणी घेतलंय? "पोरं घेतीलच." घेऊ द्या की! डोक्याला ताप नुसता. राज्यशास्त्र शिकवायचं आणि राज्याबद्दल बोलायचं नाही.

१३ सप्टें.
आज चिठ्ठ्या उचलल्या. बाजू आपल्या मनाची नाही, चिठ्ठीत येईल ती, दरवर्षीची पद्धत. नर्गिसला आली 'बाजूने'. नेमकी तिलाच. पोरगी काबूलची, एम.ए. दुसरं वर्ष, माझ्याच वरच्या खोलीत भाड्यानं. तिचा भाऊ परक्या फौजेचा दुभाषा होता, फौज गेल्यापासून तिकडंच नातेवाइकांत लपून आहे. स्वयंपाकघरात येऊन बसली, भेंडी चिरू लागली. म्हटलं, बदलून देते चिठ्ठी. "नको मॅम. सगळ्यांना जी आली ती, मलाही." हट्टी आहे.

१४ सप्टें.
जेवताना वडिलांना, अण्णांना, मुद्दाम विषय सांगितला. निजामावर फौज आली तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे, बिडकीनजवळच्या आमच्या गावात. घास हातातच राहिला. "लई नाचलो आम्ही. मग आठ दिसानं आई पाण्याला गेली, तर तीच विहीर, तोच पाटील, तीच काठी. फौजेनं इहीर नाय उघडली बाई, आपण उघडली. लई वर्सांनी."
म्हणजे फौज फुकट?
"तसं कुठं म्हनलं? फौज नसती तर घटना तरी कुठून आली असती इथं?" मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "बागवान मुसलमानाचं घर व्हतं शेजारी. फौज आली न् ते घर रिकामं झालं. त्याचं कुनी झेंडा लावून सांगत नाय."
हे मला आजवर कधी बोलले नव्हते. नर्गिस ऐकत होती. किती समजलं कोण जाणे, पण भाकरी तशीच ठेवून वर गेली.

१६ सप्टें.
स्पर्धा झाली. पोरांनी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. नर्गिस शेवटी. मोडकं हिंदी, मधेच मराठी. जेवढं आठवतं ते: फौज आली त्या वर्षी मी जन्मले. ती होती म्हणून शाळेत गेले. तिच्याच विमानानं माझ्या मामाच्या घरावर बॉम्ब टाकला. ती गेली आणि माझी बहीण सहावीनंतर घरी बसली. लोकशाही आणता येते का विचारता? येते. राहत नाही.
 मग जाधव सरांनीच आधी टाळी वाजवली. पहिलं बक्षीस. मी रडले, लाज सोडून. तिचा फोटो, खाली तिचं ते वाक्य, स्टेटसला टाकलं.

१७ सप्टें.
झेंडावंदन करून घरी येते तर कॉलनीच्या कमानीवर भलामोठा फ्लेक्स. नर्गिसचा चेहरा माणसाएवढा. 'काबूलची कन्या, आमच्या कॉलनीची शान!' वर तिचं वाक्य, खाली हात जोडलेले संजूभाऊ, भावी नगरसेवक. महापालिकेची निवडणूक कधी ते कुणालाच माहीत नाही, पण भावी नगरसेवक हजर! फोटो माझ्या स्टेटसवरून उचललेला. संजूभाऊ खूश: "मॅडम, आपल्या पोरीचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी करायचं?"
नर्गिस फ्लेक्सखाली उभी होती. हसत नव्हती. मला वाटलं लाजतेय. खुळी मी.

१८ सप्टें.
इथल्याच कुणीतरी अफगाण पोरानं अभिमानानं फ्लेक्सचा फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून काबूल. तिच्या वडिलांचा फोन. तिथल्या नव्या राजवटीची दोन माणसं दारात येऊन विचारून गेली. मुलगी परदेशात काय बोलते? मुलगा कुठं आहे?
मी संजूभाऊंच्या दारात जाऊन ओरडले. आयुष्यात एवढी ओरडले नसेन. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, मला काय माहीत हो? आम्ही तर प्रेमानं..." स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. त्यांना शिव्या घातल्या, पण फोटो दिला कुणी? मीच. स्टेटस काढलं. आता काढून काय उपयोग.

२० सप्टें.
वडिलांचा फोन पुन्हा आला. नर्गिस जिन्यात बसून ऐकत होती, मी दोन पायऱ्या खाली. फोन ठेवून तिनं सांगितलं, माणसं परत आली होती. व्हिडिओ पाहिजे म्हणतात. भाषण चुकीचं होतं, परक्या फौजेनं काही चांगलं केलं नाही, कॉलेजनं बोलायला लावलं, असं म्हण. मग भावाचं विचारणार नाही. 'बहुतेक', असं वडील म्हणाले.
बहुतेक!
नर्गिस म्हणाली, "चिठ्ठी आली म्हणून बोलले, हे तर खरंच आहे ना मॅम?"  सगळं खोटं असतं तर सोपं होतं.

२१ सप्टें.
जाधव सरांना सांगितलं. आज वाद नाही घातला. एवढंच म्हणाले, "कॉलेजचं नाव घेतलं तर घेऊ दे तिला. मी बघतो प्राचार्यांचं." माणूस कळायला वेळ लागतो.
अण्णा म्हणतात, नको करू व्हिडिओ, एकदा वाकलं की वाकवतच राहतात. मी चिडले. अण्णा, तुमचा भाऊ नाही तिथं लपलेला! ते दुपारी जेवले नाहीत.

२२ सप्टें.
आज केला. माझ्या स्वयंपाकघरात, कॅलेंडर काढून, कोऱ्या भिंतीसमोर. फोन मी धरला. तिच्या भाषेत बोलली, मला एक शब्द कळला नाही. संपल्यावर तिनं बघितला आणि म्हणाली, "डोळ्यांत राग दिसतोय. परत घ्या."
परत घेतला. तरी दिसत होता. तिसऱ्यांदा तिनं मान खाली घालून बोलून दाखवलं, ते चाललं.
पाठवला. अण्णा दारात उभे राहून विचारत होते, पोरगी काय बोलली? मी म्हटलं, मला नाही कळलं. नर्गिस त्यांना म्हणाली, "जे बोलायला सांगितलं, तेच."
वीस वर्षं पोरांना शिकवते की लोकशाहीत माणसाला आपलं म्हणणं मांडता येतं. आज एका पोरीनं आपलं म्हणणं परत घेतलं आणि कॅमेरा माझ्या हातात होता.
संध्याकाळ झाली. तिकडून अजून काही नाही. वडिलांचा फोन लागत नाही. ती वर न जाता इथंच जमिनीवर बसून आहे, अण्णा तिच्याशेजारी. मी चहा टाकलाय.