स्पीकरवर फिरलेलं ब्लेड

धार, ८ सप्टेंबर २००९

प्रिय योगेंद्र,

पेपरात तुझी मुलाखत वाचली. फोटोत चौकड्यांचा शर्ट, डोळ्यांवर केस, नजर जमिनीकडे. पस्तिशीत एवढे केस टिकवलेस, त्याबद्दल आधी अभिनंदन. इंदूरला तुझ्या गिटारच्या क्लासात दीडशे मुलं आहेत आणि दर वर्षी समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरून उद्घाटन होतं, हेही कळलं. ग्रंज नावाच्या त्या बंडखोर रॉकचं इतकं साग्रसंगीत श्राद्ध ते जिथं जन्मलं त्या सिएटलमध्येही कुणी घातलं नसेल.

आता मुद्द्याचं. चौऱ्याण्णवच्या गणपतीत देवासला आपल्या कॉलनीच्या मंडळाचा स्पीकर तू फाडलास, असं छापून आणलंयस. योगू, ब्लेड माझ्या हातात होतं. पुण्याच्या मामेभावानं भरून दिलेली ग्रंजची कॅसेट झिजेपर्यंत ऐकून आपल्याला तो खरखरीत, घसा सोललेला आवाज हवा होता, आणि तो काढणारं यंत्र देवासात कुणी पाहिलेलंही नव्हतं. मी म्हटलं, स्पीकरच्या आतल्या कागदालाच चिरा पाडू. तू दारात उभा राहून "भिया, मरवाएगा क्या" करत होतास. सिएटलवाले थंडी म्हणून लोकरी शर्ट घालत. आपण ते भादव्याच्या उकाड्यात घालून तीन गाणी वाजवली. तिसऱ्याला पुढच्या दोन रांगा रिकाम्या. पण काय आवाज होता तो! घरात कुणापुढे काढता न येणारा सगळा राग त्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्पीकरवर अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली. माइकवर म्हणणाऱ्या कॉलनीतल्या इंदिराबाई गणपतीला शिव्या देताहेत असं वाटत होतं. मंडळाचे चिटणीस माझे अप्पा. बैठकीत सगळ्यांदेखत तू म्हणालास, "काका, मैंने तो मना किया था, इसीने किया." खरंच होतं ते, म्हणून मी गप्प बसलो. अप्पांनी हात जोडून माफी मागितली, चिटणीसपद सोडलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. पंधरा वर्षं! मी धारला नोकरी धरली. सणावारी घरी गेलो की समोर बसून आईला सांगायचे, "त्याला विचार, भात हवाय का." तू मात्र बैठकीच्याच संध्याकाळी आरतीत टाळ कुटत होतास. हल्ली जीन्स दुकानातूनच फाटलेली मिळते. तुला तर बंडखोरीही तशीच आयती मिळाली.

पेपरला खुलासा लिहून पाकीट चिकटवून ठेवलं होतं. पण परवा सकाळी अप्पा एकटेच बसनं धारला आले. वय अठ्ठ्याहत्तर, काखेत तोच पेपर. दारातच म्हणाले, "त्यानं स्वतःचं पाप तुझ्यावर ढकललं, आणि तू तोंड उघडलं नाहीस? मूर्खा, मला तरी सांगायचंस!" मग माझा हात धरून रडले. पंधरा वर्षांत मला उद्देशून त्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पुन्हा गप्पच बसलो. पाकीट फाडून टाकलंय. रविवारी ते तुझ्याकडे येणार आहेत, तुला झापायला. उलट बोलू नकोस. ब्लेड तुझंच होतं असं सांग, मान खाली घाल, आणि ते देतील त्या शिव्या पूर्ण ऐकून घे. माझ्या वाट्याच्या आहेत त्या.

दातओठ खात, पण तुझाच,
प्रणव