टॅप लागला होता

दि. १७ ऑक्टोबर

आदरणीय छोटे सर,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. परवा जिना उतरताना तुम्ही कठडा धरून उतरत होतात, ते मी पाहिलं. आमच्या लॉन्ड्रीतलं पिळायचं मशीन पुन्हा बंद पडलंय, त्यामुळे हॉटेलच्या चादरी आम्ही दोघीजणी दोन टोकं धरून हाताने पिळतो. लॉन्ड्रीवालीच्या मनगटात जोर उगीच नाही आलेला, असं तुम्ही एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतात. खरंच उगीच नाही आला.

तोंडावर बोलायचं तर सरावाच्या हॉलमध्ये सतत कोणी ना कोणी असतं. शिवाय तुम्ही "काय गं?" म्हणालात की मी "काही नाही, सर" म्हणून मोकळी होते. म्हणून लिहायला बसले.

आधी चांगलं बोलून घेते. मोठे सर खुर्चीत बसून नुसतं "पुन्हा" म्हणतात, खरा घाम तुम्ही गाळता. पहिल्या फॉर्मला, पवित्र्यांच्या त्या पहिल्याच मालिकेत, माझी टाच उचलली जायची, तेव्हा तुम्ही टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तो ओढून बघायचात. कागद हातात आला की फॉर्म पहिल्यापासून. घरी जाऊन मी तुमच्या नावाने बोटं मोडायचे, पण टाच एकदा टेकली ती टेकलीच. हे मी कुणाकडेही नाकारणार नाही.

आपल्याकडे फॉर्म आधी आणि अर्थ मागून. हवेत हात फिरवत राहायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. दुसऱ्या फॉर्ममध्ये ती जागा आहे बघा, डावा हात वरून येतो, उजवा खालून, आणि दोघं मिळून काहीतरी वळवून कमरेशी आणतात. आपल्या वर्गातला पोस्टमन म्हणायचा, हे गंजलेलं कुलूप उघडणं आहे. आम्ही सगळे हसायचो. मग एका संध्याकाळी तुम्ही मला पुढे बोलावलंत, हात दे म्हणालात, आणि तीच जागा, सांधा अडकवायचं लॉक म्हणून, माझ्या हातावर करून दाखवलीत. तळवा बाहेर वळला, करंगळी वर गेली, मागोमाग कोपर, आणि मी गुडघ्यावर. मी तुमच्या मांडीवर दोन बोटं टेकवून टॅप केला. टॅप लागला की त्या क्षणी सोडायचं, हा आपल्या हॉलचा पहिला नियम. तुम्ही लगेच सोडलंत. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्हाला वाटलं, जास्त दुखलं.

दुखलं नव्हतं. मी ते लॉक ओळखलं होतं. आधी करंगळी, मग कोपर, मग कड्कन आवाज, असं मला कोणीतरी घरी सांगितलेलं होतं.

सांगणारा माझा दादा. तुम्ही सगळे त्याला वस्तरा म्हणायचात.

आता जरा बसून वाचा. मी त्याची धाकटी बहीण. तो तुमच्याकडे शिकत होता तेव्हा मी दुसऱ्या गावात कामाला होते, म्हणून हॉलमध्ये मला कोणी ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. त्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण कोणीतरी एकदा लिहून ठेवायलाच हवं. त्या दिवशी मोठ्या सरांनी त्याचा फॉर्म सगळ्यांना थांबवून दाखवला. मदतनीस म्हणून तुम्हाला नेमायचं की त्याला, याची कुजबुज होतीच. त्यानंतरच्या जोडीच्या सरावात तुम्ही त्याचा उजवा हात धरलात. त्याने टॅप केला, पुन्हा केला, आणि मग मनगट गेलं. मोठे सर खुर्चीतून म्हणाले, "याने टॅप केला नाही. चूक याची." तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. पुढच्याच महिन्यात तुम्ही छोटे सर झालात.

दादाचं सलून तुम्हाला माहीत आहे. केस तो अजून कापतो, सावकाश. पण जबड्याखाली वस्तरा फिरवायचा तर मनगट वळावं लागतं, आणि ते अर्ध्यात अडतं. गिऱ्हाइकांना एकदा ते दिसलं, मग दाढीवाले आपसूक शेजारच्या खुर्चीकडे वळले. दादा आता त्या खुर्चीवरच्या कारागिराचा वस्तरा परजून देतो. सलूनचा मालक दादा आहे, सर.

हेही मी गिळलं असतं. आई म्हणते, अपघात होता, उगाळत बसू नकोस. पण मागच्या वर्षी दादा जेवता जेवता म्हणाला, "जाऊ दे गं. माझाच टॅप हळू पडला असेल." आधी तो असं म्हणत नव्हता. आधी त्याला पक्कं ठाऊक होतं. मनगट मोडलंत ते मोडलंतच, पण त्याचा स्वतःवरचा विश्वासही तुम्ही काढून घेतलात, आणि मान खाली घालण्यापलीकडे तुम्हाला काहीच करावं लागलं नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी तुमच्या वर्गात नाव घातलं. कशाला, हे आता तुम्हाला कळलं असेल. लॉक शिकायचं तर आधी ते स्वतःच्या हातावर घ्यावं लागतं, म्हणून वर्षभर मी तुम्हाला हात देत आले आणि तुमचा हात ओळखत आले. तुमचं उजवं मनगट डाव्यापेक्षा आखडलेलं आहे. तिथे फार वळवावंही लागणार नाही.

आणि टॅप लागला नाही म्हणता? एकदा सरावात माझी ओली बाही नुसती तुमच्या बरगडीला घासली, तेव्हा तुम्ही लॉक सोडून मागे झालात आणि "काय झालं?" म्हणालात. ज्याला बाही लागते त्याला दादाची बोटं लागली नाहीत, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

रविवारी प्रात्यक्षिक आहे. मोठ्या सरांनी लॉकसाठी आपली जोडी लावलीय, लॉक मी करायचं आणि हात तुम्ही द्यायचा. त्याआधी दादाकडे जा, आईसमोर सांगा, मग मोठ्या सरांना सांगा. नाहीतर रविवारी या. तुम्ही टॅप कराल. तो मला लागेल की नाही, ते तेव्हा बघू.

कळावे,
तुमची आज्ञाधारक,
लॉन्ड्रीवाली


दि. २६ ऑक्टोबर

सर,

डाव्या हाताने लिहिणं जमत नसेल, तेव्हा उत्तराची घाई नाही. प्लास्टर कोपरापर्यंत आहे असं पोस्टमनकडून कळलं. तो मला रस्त्यात भेटला तर सायकल दुसऱ्या बाजूला घेतो, पण बातम्या त्याला पोटात ठेवता येत नाहीत.

आठवडाभर मी वाट पाहिली. तुम्ही दादाकडे गेला नाहीत. रविवारी आलात, मुठीवर तळवा ठेवून वाकलात आणि माझ्याकडे न बघता उजवा हात पुढे केलात. मी धरला. तळवा वळला, करंगळी वर गेली, आणि सगळे जिथे टॅप करतात तिथे येऊन मी थांबले. तुमचा डावा हात बाजूला नुसता लोंबत होता. मी हळूच म्हटलं, "टॅप करा."

तुम्ही म्हणालात, "नाही करणार. तुला करायचं ते कर."

क्षणभर मला वाटलं, काय ही हिंमत. मग तुमचा डाव लक्षात आला आणि माझं डोकं फिरलं. टॅप केला नाही की चूक तुमची, मी निर्दोष. मनगटाला मनगट देऊन तुम्ही मोकळे होणार, लोक हळहळणार, आणि तोंडातून एक अक्षरही काढायला नको. दादा मात्र माझाच टॅप हळू पडला असेल म्हणत शेजारच्याचा वस्तरा परजत बसणार. इतक्या स्वस्तात तुम्हाला सुटायचं होतं.

मग मी वळवलं. आवाज दादाने सांगितला होता तसाच होता. मला आनंद झाला, सर. खोटं कशाला बोलू.

मोठे सर खुर्चीतून उठले. उठले आणि म्हणाले, "याने टॅप केला नाही. चूक याची." शब्दसुद्धा बदलले नाहीत त्यांनी. पोस्टमनने मला पाणी आणून दिलं. एका बाईंनी पाठीवर हात फिरवला, घाबरू नकोस म्हणाल्या. तुमच्याकडे आधी कोणी गेलंच नाही. तुम्हीही त्या दिवशी असंच पाणी प्यायला असणार, हे मला तेव्हा कळलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

"त्यांनी टॅप केला होता," मी म्हणाले. "मला लागला होता. मी सोडलं नाही."

तुम्ही जमिनीवर बसून मनगट धरलं होतंत. तुम्ही मान वर केलीत तेव्हा तोंडावर रंग नव्हता. मोठ्या सरांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तुम्ही बोलायला लागलात. नाही सर, ती खोटं बोलतेय, मी टॅप केलाच नव्हता. मोठ्या सरांनी तुम्हाला गप्प बसवलं. शिष्येला पाठीशी घालू नकोस, म्हणाले. तुम्ही आणखी दोनदा सांगितलंत, पण हॉलमध्ये एकानेही तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. खरं सांगत असताना समोरचे ऐकत नाहीत, तेव्हा कसं वाटतं ते तुम्हाला कोणीतरी शिकवायलाच हवं होतं. मला तुम्ही एवढं शिकवलंत, माझ्याकडून हे एक.

माझा पट्टा काढून घेतला. पुन्हा हॉलचा जिना चढायचा नाही असं सांगितलं. मला वाईट वाटलं, हेही लिहिते. दुसरा फॉर्म आता मी लॉन्ड्रीच्या मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या मधल्या जागेत करते. बाकीच्या बायका हसतात. टाच मात्र उचलली जात नाही.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. ते तुमचं काम आहे. टॅप लागला होता, मी सोडलं नाही, एवढंच तर म्हणायचंय. माझ्याकडे ते खोटं होतं, तरी एका दमात तोंडातून निघालं. तुमच्याकडे तर खरं आहे.

सलून सोमवारी बंद असतं. इतर कुठल्याही दिवशी जा, शेजारच्या खुर्चीत बसू नका, दादाच्या खुर्चीत बसा आणि दाढी करायला सांगा. साबण लावून झाला, त्याने वस्तरा उघडला, की मग बोला. त्याचा हात थरथरेल. तुम्ही मान हलवू नका.

तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
वस्तऱ्याची बहीण