मशीन सोडता येत नाही

५ जानेवारी, रविवार. दुपारी ४.१०
मंदाकिनी टॉकीज, ऑपरेटरची केबिन. शो सुरू. केबिनच्या भोकातून प्रेक्षक मोजले. खाली नऊ, बाल्कनीत दोन. बाल्कनीतले दोघे सिनेमा पाहत नाहीत.
जयमाला आज पुन्हा कुरुळीला गेली. सलग चौथा रविवार. तिची धाकटी बहीण तेजस्विनी तिथे दिली आहे. तेजस्विनीचा नवरा शेखर, म्हणजे माझा साडू. त्याची जमीन कंपन्यांच्या गोदामांखाली आहे. त्याने घरात थिएटर केलं. भिंतभर पडदा, सहा खुर्च्या. बटण दाबलं की पाय वर येतात. पाय वर करून सिनेमा समजत नाही.
मी इथे एकतीस वर्षं ऑपरेटर आहे. खुर्च्या ६१२. ऑपरेटरची बायको सिनेमा पाहायला साडूकडे जाते, हे चाकणमध्ये कुणाला कळता कामा नये.
संकल्प : महिन्याभरात जयमाला आपल्या बाल्कनीत बसलेली असेल.

६ जानेवारी
जेवताना जयमालाने कालच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. हा सिनेमा नोव्हेंबरमध्ये मंदाकिनीत होता. मी चौऱ्याऐंशी वेळा दाखवला. तरी ती मला पहिल्यापासून सांगत होती. अडवलं नाही. मध्यंतरानंतरचा भाग मला नवा वाटला. त्या वेळी मी चहाला जातो.

९ जानेवारी
बुकिंगच्या खिडकीत नागसेन बसतो. आज म्हणाला, लक्ष्मणराव, एवढे जिने कशाला चढता? शो वेळेवर आपोआप सुरू होतो. दिवे आपोआप जातात. वर तुम्ही आणि पंखा, दोघांचं काम सारखंच.
नागसेन तिकिटाच्या बाजूचा माणूस आहे. तांत्रिक बाजू त्याची नाही. रिळं होती तेव्हा दर वीस मिनिटांनी मशीन बदलावं लागे. लघवीला जायची सोय नव्हती. बारा वर्षांपूर्वी डिजिटल आलं. आता सिनेमा हार्ड डिस्कच्या डबीत येतो आणि ठरल्या वेळी सुरू होतो, हे खरं. पण आपोआप चालणाऱ्या गोष्टीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.
घरी हे तपशील सांगितलेले नाहीत. घरी एवढंच माहीत आहे की मशीन सोडता येत नाही. मशीन बदललं म्हणून माणसाने वाक्य का बदलावं.

१२ जानेवारी, रविवार
शेखरचा फोन. म्हणाला, साडूभाऊ, या की एकदा. आवाज तरी ऐकून जावा. मी म्हणालो, मशीन सोडता येत नाही. तो म्हणाला, आमचं तर आई चालवती. रिमोटला नाव सांगती, शिनेमा लागतो.
त्याची आई केसरबाई. वय चौऱ्याहत्तर.
एकतीस वर्षांचा अनुभव एकीकडे, केसरबाई एकीकडे. मी तुलना करत नाही.
आवाजाचं म्हणाल तर आमचा ६१२ माणसांसाठी केलेला आहे, त्याचा सहांसाठी. दर माणशी आवाज त्याच्याकडे जास्त पडत असेल. एवढं मान्य.

१७ जानेवारी, शुक्रवार
नवा सिनेमा. पहिल्या शोला तेवीस.
कंपन्यांची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. आमचा दुपारचा शो म्हणूनच पावणेचारचा. पूर्वी माणसं डबे घेऊन सरळ इथे येत. आज कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये टॉकीजसमोर अकरा मिनिटं उभी होती. मी पायरीवरून पाहिलं. चाळीस माणसं, चाळीस फोन, चाळीस सिनेमे. खिडकीजवळचा एक जण आमचाच सिनेमा पाहत होता. कुणीतरी कुठल्यातरी हॉलमध्ये चोरून काढलेला. त्यात पुढच्या प्रेक्षकांची डोकी मध्ये येत होती.
त्या हॉलला गर्दी बरी दिसली.

२० जानेवारी
सकाळी जयमालाला सहज विचारलं, येत्या रविवारी मंदाकिनीला का येत नाहीस?
ती म्हणाली, लग्न झाल्यावर सात शिनेमे बघितले की तुमच्या टाकीजात. एकटीनं. तुमी वर, मी खाली. शेजारची बाई इचारायची, तुझा नवरा कुठाय. मी म्हणायची, वर हाय. बाई गप व्हायची. एकीनं तर माझा हात धरला.
मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे.
ती म्हणाली, शेजारी बसणार असाल तर येते. न्हाईतर कुरुळी बरी. तिथं सगळी एका वळीत असत्यात.
मी म्हणालो, मशीन सोडता येत नाही.
ती म्हणाली, मग न्हाई.
अट तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. तिला तसं वाटत नाही, कारण शेखरने तिच्या सवयी बिघडवल्या.

२३ जानेवारी
नवा विचार. तिच्या आवडीचा सिनेमा आणायचा. ती आपोआप येईल. अट विसरेल.
खात्री करायला विचारलं, तुला कौटुंबिकच आवडतात ना, रडायचे?
म्हणाली, भुताचे.
मला वाटलं चेष्टा. नाही. शेखरच्या टीव्हीला हे ठाऊक आहे. तो लावला की ‘जयमालासाठी’ अशी एक रांग येते आणि रांगेत सगळी भुतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. टीव्हीला दीड महिना. विचारलं, भुताचे केव्हापासून? म्हणाली, पहिल्यापास्नं. इचारलं न्हाई कुणी.
टीव्हीनेही विचारलं नव्हतं. त्याने नुसतं पाहिलं. यात विशेष काय आहे ते मला समजत नाही. दिवसभर समजलं नाही.

२७ जानेवारी
मालक अण्णासाहेबांना भेटलो. भुताचा सिनेमा आणा म्हणालो. ते म्हणाले, आणतो, वितरकाकडे एक पडून आहे. पण एक नियम ऐका. पाचपेक्षा कमी माणसं असली की शो रद्द. वीज परवडत नाही. नागसेनने नुसती तिकिटं फाडलेली चालणार नाहीत. हॉलमधला कॅमेरा माझ्या मोबाइलवर दिसतो. डोकी मोजीन.
मी म्हणालो, भुताला पाचाची अडचण यायची नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भुताचा सिनेमा आला. पोस्टर कॉम्प्युटरने केलेलं आहे. नायिकेच्या हाताला सहा बोटं. मी नागसेनला दाखवलं. तो म्हणाला, भुताचा आहे, चालून जाईल.
चार शो मिळून एकतीस माणसं.
नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला : मंदाकिनीत भुताचा सिनेमा. मोठ्या पडद्यावर भूत मोठं दिसतं. शेखरने अंगठा पाठवला. केसरबाईंनी गुलाबाचं फूल. जयमालाने वाचला. दोन निळ्या रेघा आल्या. माझ्यासमोरच बसली होती.

९ फेब्रुवारी, रविवार
जयमाला कुरुळीला. महिना उलटून गेला. संकल्पाला मुदतवाढ देत आहे. रस्त्याच्या कामालाही देतात.
परत आल्यावर फार आनंदात होती. तिथे दोन भुतं झाली, एक जुनं, एक कोरियाचं. शेखरने म्हणे तिच्यासाठी शोधून ठेवलं होतं. शेखर माणूस म्हणून वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
कुरुळीत गटाराचं काम चालू आहे. जेसीबीने केबल तोडली. नेट तीन दिवस येणार नाही. तेजस्विनीने फोनवर सांगितलं. जयमाला आपण होऊन म्हणाली, चला, तुमचं भूत बघू. बसते एकटी. बसलेली हाय की या आधी.
अट मागे घेतली. मेसेजचा परिणाम व्हायला नऊ दिवस लागले, पण झाला. जेसीबी निमित्त.
साडूला फोन करून केबलची चौकशी केली. काळजी करू नका म्हणालो. मोठा पडदा आहेच.

१७ फेब्रुवारी, सकाळी
कालचं आहे तसं लिहितो.
पावणेचारला पाच मिनिटं होती. मी केबिनमध्ये. नागसेनचा फोन आला, चारच आहेत. ओडिशाचे दोन कामगार, एक गृहस्थ जे झोपायला येतात, आणि वहिनी. त्याने फाटकाशी उभं राहून हाका मारल्या. रस्त्यावरचं कुणी वळूनही पाहिलं नाही. एवढ्यात अण्णासाहेबांनी घरून मोजलं. चार दिसतात, रद्द करा.
मी भोकातून पाहिलं. जयमाला बाल्कनीत मधोमध बसली होती. मांडीवर पर्स. लग्नातली नथ घातली होती. रद्द झालं असतं तर ती उठून घरी गेली असती, आणि बुधवारी केबल जुळल्यावर हे कुरुळीत सहा खुर्च्यांना कळलं असतं.
खाली गेलो आणि तिकीट काढलं. नागसेन म्हणाला, लक्ष्मणराव, डोकं खुर्चीत दिसलं पाहिजे.
बाल्कनीत गेलो. एक खुर्ची सोडून बसलो. जयमाला म्हणाली, बसा की जवळ. जवळ बसलो. तिने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. फार खूश दिसली. ते मी पाहिलं.
दिवे गेले. पडदा सरकला. जाहिरात लागली, मग सिनेमा.
ती थोडा वेळ पुढे पाहत होती. मग मागे वळली. भोकातून उजेड येत होता. त्या उजेडाकडे पाहत राहिली. म्हणाली, वर कोण हाय?
मी म्हणालो, कुणी नाही.
मध्यंतर झालं. दिवे लागले तेव्हा विचारलं, कवापास्नं असं?
मी म्हणालो, बारा वर्षं. आपोआप चालतं, पण लक्ष ठेवावं लागतं.
तिच्या एका हातात वडा होता. दुसऱ्या हाताची बोटं मोजली. भाचीचं, स्वरूपाचं लग्न, रविवार व्हता. दादाची वास्तुशांत. आईचं दहावं, आळंदीला. तिथं घाटावर शेखरनं मला धरून पायऱ्या उतरवल्या. तीन बोटांवर थांबली. म्हणाली, वडा गार झाला.
उत्तरार्धात भूत चार वेळा आलं. ती एकदाही दचकली नाही. मी दोनदा दचकलो. केबिनमध्ये आवाज कमी येतो, त्यामुळे अंदाज नव्हता.

१८ फेब्रुवारी
जयमालाला डिजिटलची माहिती दिली. सर्व्हर म्हणजे काय, तापमान का पाहावं लागतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, व्हय. शेवटपर्यंत व्हय म्हणाली.
अण्णासाहेबांचा फोन आला. त्यांनी रविवारी मोबाइलवर मला बाल्कनीत पाहिलं. म्हणाले, तुम्ही खाली होतात तरी शो व्यवस्थित झाला की. मी म्हणालो, सगळी आधीची तयारी. ते म्हणाले, लक्ष्मणराव, रविवारी सुट्टी घेत जा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला ही जाणीव झाली. आभार मानले. विचारलं, सोमवारी किती वाजता येऊ? म्हणाले, सोमवारीही घ्या. मंगळवारचं विचारलं तेव्हा त्यांची रेंज गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
कुरुळीची केबल जुळली. इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिलो. जयमालाला म्हणालो, आजपासून रविवारी मीही येणार.
ती चप्पल घालत होती. म्हणाली, सहा खुर्च्या, शेजारची दोघं धरून सहा माणसं. आन घर सोडून कसं यायचं तुमी? घर बी आपोआपच चालतंय म्हणा. पण लक्ष ठेवावं लागतं.
शेअर रिक्षाने गेली.

त्याच दिवशी, दुपारी ३.४५
टीव्ही लावला. तेजस्विनीने मागे इथेही शेखरचं खातं जोडून दिलं होतं. पडद्यावर आलं : कोण पाहणार आहे? खाली चौकोन. शेखर, तेजस्विनी, केसरबाई, जयमाला. पाचव्या चौकोनात अधिकचं चिन्ह. ते दाबलं तर पासवर्ड मागतो. शेखरला फोन करून पासवर्ड विचारण्याचा प्रश्नच नाही.
जयमाला दाबलं. भुतांची रांग आली. पहिलं लावलं.
अकराव्या मिनिटाला एका खोलीचं दार हळूहळू उघडू लागलं. बंद केलं नाही. रिमोटवर दोन उभ्या रेघांचं बटण आहे, ते दाबलं. दार अर्धं उघडं राहिलं आहे.
जयमाला साडेसहाला येते. तिने हा पाहिला असणार. दारामागे काय आहे ते तिला विचारीन. सांगितलं तर पुढचं लावीन.