बिबीजानची चाल

१ जुलै २०२५, मंगळवार. नागापूर.

आलो एकदाचा. श्रीगोंद्याहून निघताना सोबत एक ट्रंक, एक वळकटी, जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा आणि ही कोरी वही. गठ्ठा उचलताना टेम्पोवाल्याने विचारलं, रद्दी का मास्तर? म्हटलं, हो, अडतीस वर्षांची.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत. खिडकीतून कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात आणि त्यांच्या पलीकडे चक्क एक लिंबाचं झाड. खाली घरमालक छगन, त्याची बायको मोनिका आणि त्यांचं चार महिन्यांचं बाळ. छगन कारखान्यात टर्नर आहे. मोनिकाने आल्या आल्या पाण्याची कळशी वर आणून दिली.

माझी नात अल्मास संगमनेरच्या कॉलेजात शिकते. तिसरं वर्ष एका मोठ्या कंपनीत काढायचं, पाणी शुद्ध करायची मशीन दारोदार विकायची. याला प्लेसमेंटचं वर्ष म्हणतात. कंपनीने शेरा चांगला दिला तरच वर्ष धरतात. तिची आई हुमेरा म्हणाली, अब्बा, पोरगी एकटी कशी राहील, तुम्ही जा. मला तरी श्रीगोंद्यात कोण उरलंय?

अल्मासने माझ्यासाठी खिडकीशी खुर्ची ठेवली होती. मी म्हटलं, ही तर माझी शाळेतली खुर्ची. ती हसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "नाना, तुम्ही पण ना." हे चार शब्द ऐकले की मला घरी आल्यासारखं वाटतं.

लहानपणी तिला पाळण्यात झोपवायची ती माझी बायको, बिबीजान. आता नाही ती. घरात आमची बोली दख्खनी, पण अंगाई तिने शेजारच्या झुंबरबाईकडून उचललेली, मराठीच. 'नीज गं मैना, विहीर निजली' अशी सुरू होते. पुढचं इथे उतरवत नाही. पोरांना मी कविता कधी वहीत लिहू दिली नाही, तोंडात बसवून घेतली. जे तोंडात बसलं ते कुठे जात नाही.

१८ जुलै

पोरगी आज रडत आली. बोलायचं सगळं कंपनीने एका कार्डावर छापून दिलंय, ते हिला दारात उभं राहिलं की आठवत नाही. एका बाईने ऐकवलं म्हणे, आधी नीट बोलाया शिक, मग आमाला पानी शिकव. सतरा दिवसांत एक मशीन खपलेलं नाही. पंकजा मॅडम म्हणून वरिष्ठ आहेत, त्यांनी सांगितलं की असंच चाललं तर शेरा विसर.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, पाठ होत नसेल तर चाल लाव. चौथीच्या वर्गात अख्खा भूगोल मी चालीत बसवला होता. कार्डाच्या दोन ओळी केल्या आणि हाताशी सगळ्यात गोड चाल होती ती लावली. बिबीजानच्या अंगाईची.

नमस्कार ताई, पाणी बघू, मीटर धरू माठावर,
रोगाचा बघा थेंब उभा, तुमच्या बाळाच्या ओठावर.

अल्मासने दोन्ही ओळी म्हणून पाहिल्या. मग म्हणाली, नाना, मीटरमध्ये रोग दिसत नाही. त्यात फक्त क्षार दिसतात, बोअरच्या पाण्यात ते असतातच. कार्डावर नुसतं 'आरोग्यासाठी' आहे. हे खोटं नाही का?

मी म्हटलं, "कवितेत चालतं, बाळा."

२ ऑगस्ट

काल तीन मशीन खपली. परवा चार. पोरगी जेवते, हसते. आज पंकजा मॅडम स्वतः आल्या, मला वाकून नमस्कार केला. माझ्या तोंडून दोन्ही ओळी चालीवर म्हणवून घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि इथूनच जिल्ह्यातल्या सगळ्या शिकाऊ पोरांना पाठवल्या. जाताना म्हणाल्या, मास्तर, आता अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत तुमचा वर्ग भरणार. आम्हालाही एक मशीन बसवून दिलं, फुकट.

आयुष्यभर कविता शिकवली, छापून एकही आली नाही. झोपताना सुखावलो होतो, खोटं कशाला लिहू?

२१ सप्टेंबर

दुपारी खालून अंगाई ऐकू आली. बिबीजानची चाल, भर उन्हात. डोळे भरून आले. जिन्यात थांबून ऐकलं तर मोनिका बाळाला माझ्याच ओळी म्हणत होती. नमस्कार ताई, पाणी बघू. मला पाहून लाजली. म्हणाली, गल्लीत समद्याच म्हनत्यात, पोरं लगीच झोपत्यात.

अल्मास हल्ली कमी बोलते. मी खुर्चीचा जुना विनोद केला. तिने मान हलवली फक्त. 'तुम्ही पण ना' शेवटचं कधी म्हणाली, आठवत बसलो.

११ ऑक्टोबर

सकाळी सात. अल्मास चहा पीत होती. कप ओठाला होता, घोट उतरताना तिचा गळा हलला. आणि त्याच क्षणी तिच्याच आवाजात, अगदी स्वच्छ — नमस्कार ताई, पाणी बघू. तिने कप खाली ठेवला. ओठ मिटलेले. दुसरी ओळही संपली. मग तिने बॅग उचलली आणि कामाला गेली.

मी चहाचा कप धुतला. दोनदा धुतला.

१४ ऑक्टोबर

हुमेराला फोन केला. ती म्हणाली, पोरगी दमली असेल, अब्बा, तुम्हालाही आता ऐकायला कमी येतं. पंकजा मॅडमना विचारलं, तर त्या आनंदाने म्हणाल्या की अल्मास जिल्ह्यात पहिली आहे, असा शेरा आजवर कुणाला दिला नाही. तिला काम सोडायला लावलं तर वर्ष जाईल.

अल्मास बाहेर होती. तरी दिवसभर घरात तिचा आवाज येत होता. मशीनच्या बाजूने.

९ नोव्हेंबर

वेळ जावा म्हणून तिसरीची पावसाची कविता म्हणायला घेतली. पहिली ओळ आली, दुसरी नाही. पुस्तक उघडून वाचली तर परक्याची वाटली. मिटलं की पुन्हा गेली. सहावीची गेली. सातवीच्या कवितेची तर कडव्यांची संख्याही आठवेना. त्या जागी चालीवर एकच येतं.

जेवताना अल्मासला म्हटलं, तुझ्या नानीची अंगाई म्हण. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पाहिलं तेव्हा तीच होती, माझी पोर, डोळ्यांत पाणी. तोंड उघडलं —

नमस्कार ताई.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आवाज थांबला नाही.

मग मीच म्हणून बघितली. 'विहीर निजली' इथपर्यंत आलो. पुढे नाही.

२ डिसेंबर

मोनिकाचं बाळ दोन दिवस ओठ मिटून बसलंय. दूध घेत नाही, पाणी नाही. रडतं ते नाकातून. डॉक्टर म्हणाले, तोंडात काही दोष नाही, नळीने पाजू. गल्लीतली आणखी दोन बाळं तशीच.

बाळाच्या ओठावर. हे मीच लिहिलं. कार्डावर नव्हतं.

३ डिसेंबर

झुंबरबाईला फोन लावला. नव्वदीची म्हातारी, अंगाई मुळात तिचीच. फोनवर ओळखलं तिने, हसली, बिबीजानची आठवण काढली. म्हटलं, झुंबरबाई, ती 'नीज गं मैना' म्हणा, मी लिहून घेतो. पेन उघडूनच बसलो होतो. तिने खाकरून सूर लावला. थरथरता, पण तोच जुना सूर. विहीर निजली, आणि मग — मीटर धरू माठावर.

मी ओरडलो की हे नाही, जुनं म्हणा, तुमच्या आईचं.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "ह्येच तर हुतं, मास्तर. पयल्यापासनं ह्येच."

सुनेने दिवाळीत मशीन घेतलंय म्हणे.

५ डिसेंबर

मशीनची नळी तोडली. आवाज भिंतीतून.

अल्मास कामावरून आली, दारातच उभी राहिली. बेल वाजवली. दार उघडंच होतं. मला म्हणाली, नमस्कार ताई. ओळख नाही. आत येऊन माझ्या तांब्यात मीटर धरला.

मी म्हटलं, अल्मास, मी नाना. तिने मान वर केली, क्षणभर तीच होती. मग मीटर धरूनच पुढची ओळ —

६ डिसेंबर

मोनिका बाळाला घेऊन वर आली. बाळाच्या नाकात नळी, ओठ निळसर. म्हणाली, मास्तर, तुमी म्हनला हुता जुनी येक हाय, ती म्हना, तिनं तरी उघडंल. पाय धरले तिने.

तोंड उघडलं. अल्मासचा आवाज आला. माझ्या तोंडातून.

मोनिका बाळाला छातीशी धरून जिना उतरली —

७ डिसेंबर

तोंड गेलं. हात आहे. अडतीस वर्षं फळ्यावर फिरलेला, तो तरी माझा. तोंडाला न विचारता एक एक अक्षर उतरवायचं. पूर्ण झालं की कागद अल्मासच्या हातात द्यायचा, एक मोनिकाला. तेव्हाच लिहिलं असतं पहिल्या दिवशी —

जिन्यात पावलं. अल्मास येतेय. बेल.

बिबी, हात धर.

नीज गं मैना, विहीर निजली, मी

नाही. खोडतो. पुन्हा.

नीज गं मैना, विहीर निजली, मीटर ध